मंद वाऱ्यातली इल्का ७: तलावावरच्या शर्यतीला ही होडी कशी?

पाच नॉटच्या आतला वारा म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटरहूनही कमी. खडकवासल्यासारख्या डोंगरांमधल्या पाण्यावर किंवा भोपाळच्या बड्या तलावावर अशा वाऱ्यात शर्यत करायची, तर इल्का ७ ही एकट्याने चालवायची शिडाची होडी घ्यावी का? घ्यावी. मात्र तिच्या पोटात पाणी मुरलेलं नसावं आणि दोऱ्या मंद वाऱ्याच्या बेताने लावलेल्या असाव्यात.

ब्रूस कर्बी यांनी आखलेल्या या होडीचं जुनं नाव लेझर, २०१९ मध्ये ते इल्का झालं. लांबी सुमारे ४.२ मीटर, नुसत्या हलचं (होडीच्या अंगाचं) वजन ५९ किलोच्या आसपास, शीड ७.०६ चौरस मीटरचं. खालची डोलकाठी आणि शीड बदललं की त्याच हलवर इल्का ६ किंवा इल्का ४ उभी राहते, ही क्लबांची मोठी सोय. भोपाळमध्ये तयार झालेल्या नेहा ठाकूरने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं ते इल्का ४ मध्ये.

या होडीचा खरा गुण असा, की मंद वाऱ्यात ती बारीकशी चूकही लगेच दाखवते. कनिंगहॅम, म्हणजे शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी, पूर्ण सैल ठेवा. डोलकाठीलगत आडव्या सुरकुत्या दिसल्या तरी चालतात. किकरसाठी (शिडाच्या तळाची आडवी काठी, म्हणजे बूम, खाली ओढणारी दोरी) मेनशीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायची दोरी, ब्लॉकला (कप्पीला) ब्लॉक भिडेपर्यंत ओढा, किकरमधली फक्त ढील काढा, मग शीट सोडून ब्लॉकांमध्ये वीतभर अंतर येऊ द्या. हे अंतर ठेवलं नाही तर शिडाची मागची कड आत वळते, हवा बाहेर पडत नाही आणि होडी जागीच थबकते. आउटहॉलबद्दल (शिडाची खालची कड बूमवर ताणणारी दोरी) बहुतेकांचा गैरसमज असतो. वारा मेला की शीड फुगवावं असं वाटतं, पण दोन-तीन नॉटच्या हवेला खोल वळणाला धरून वाहण्याइतका जोर नसतो. ती मध्येच सुटते. म्हणून सात-आठ नॉटला बूम आणि शिडाच्या मध्ये वीतभर पोट असेल, तर दोन-तीन नॉटला ते चार बोटांवर आणा. ट्रॅव्हलरची दोरी, म्हणजे होडीच्या मागे आडवी बांधलेली, जिच्यावर मेनशीटचा ब्लॉक सरकतो ती, मात्र कायम ताठ.

बसायचं अगदी पुढे, डॅगरबोर्डला (होडीच्या मधून पाण्यात सोडलेल्या फळीला) खेटून. होडी वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला पाच-सहा अंश कललेली हवी: पाण्याला घासणारा पृष्ठभाग कमी होतो आणि शीड स्वतःच्या वजनाने आकार धरतं. वारा मागून घेताना उलट, वाऱ्याकडे कलवा. मागच्या टोकाशी पाणी गुळगुळलं तर तुम्ही फार मागे बसला आहात. हालचाल मांजरासारखी, धपकन सरकलात की शिडातली हवा झटकली जाते.

आता खटकणाऱ्या गोष्टी. जाइब घेताना, म्हणजे वारा मागून असताना शीड दुसऱ्या बाजूला नेताना, सैल पडलेली मेनशीट होडीच्या मागच्या कोपऱ्यात हटकून अडकते. बूम मध्यावर येताना शीटला एक झटका देणं हाच उपाय. जाड शीट भिजली की जड होते आणि बूमला आत खेचते. सहा मिलिमीटरची, पाणी न शोषणारी घ्या. टोकाकडे निमुळती केलेली दोरी नियमात बसत नाही. ब्लॉकचा रॅचेट, म्हणजे दोरी अडवून धरणारा खटका, बंद ठेवा. बेलर (होडीतलं पाणी बाहेर काढणारी झडप) या वेगात पाणी बाहेर ओढत नाही, उघडा राहिला तर उलट आत घेतो. लोकरीचे टेलटेल (शिडावरून हवा कशी वाहते ते दाखवणारे धागे) ओले झाले की शिडाला चिकटतात, त्यापेक्षा स्पिनेकर या फुगीर शिडाच्या हलक्या कापडाच्या पट्ट्या बऱ्या. आणि जलपर्णी किंवा शेवाळ! एक दांडा सुकाणूला किंवा डॅगरबोर्डला अडकला तरी मंद वाऱ्यात पुढची होडी हातची जाते. वाटेत डॅगरबोर्ड क्षणभर वर करून झटकत जा.

रोल टॅक, म्हणजे वाऱ्यासमोरून वळून बाजू बदलताना (टॅक) होडी डोलवणं, या होडीवर सुंदर बसतो, पण अंगाच्या हालचालीने होडी पुढे ढकलण्याला मर्यादा घालणारा शर्यतीचा नियम ४२ लक्षात असू द्या: टॅकनंतरचा वेग टॅक न घेता जेवढा राहिला असता त्याहून जास्त झाला, किंवा पुन्हा पुन्हा डोलवून होडी ढकलली, तर परीक्षकाचा पिवळा झेंडा, म्हणजे दंड, ठरलेला.

जुनी होडी घेताना डोलकाठीच्या खोबणीत पाणी भरून ठेवा. पातळी उतरली तर ते हलच्या आत जातंय. डेकवर, विशेषतः बसण्याच्या जागी, अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागलं तर थर सुटले आहेत. शक्य असेल तर हल काट्यावर ठेवा. पाच-सहा किलो जास्त भरलं तर ती सरावाला घ्या, शर्यतीला नको: जोराच्या वाऱ्यात हे वजन कदाचित खपेल, पण तीन नॉटमध्ये प्रत्येक टॅकनंतर वेग धरताना ते आडवं येतं.