घरपोच ॲलर्जी पॅनल, टिळक रोडचं क्लिनिक आणि माझी कोळंबी

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईवाले सुटतील. घरी येऊन रक्त नेणारं ते दोनशे गोष्टींचं ॲलर्जी पॅकेज, एक स्टार, तोही रक्त काढणाऱ्या पोराला, कारण त्याचा हात खरंच हलका होता. पुण्यात टिळक रोडजवळचं ॲलर्जी क्लिनिक, चार स्टार. पाचवा कुठे गेला ते पुढे येईलच. दोघांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये, मला भांडण नकोय, अनुभव सांगायचाय.

तर झालं असं की गेली चार वर्षं सकाळी उठलं की मला पंधरा-वीस शिंका, नाक चोंदलेलं, डोळे चोळून चोळून लाल, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका, धायरीत आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला ओल आहे त्यामुळे जून ते सप्टेंबर सगळं घरच दमट. आईचं म्हणणं हळद-दूध घे, सासूबाईंचं म्हणणं एसी बंद कर, नवऱ्याचं म्हणणं "अगं सवय कर", आणि मी आपली रोज रात्री सिट्रिझिनची गोळी घेऊन गुपचूप झोपतेय. शेवटी इन्स्टावर जाहिरात दिसली, एका रक्ताच्या थेंबात सगळ्या ॲलर्जी, ५,९९९ रुपये, सकाळी सातला माणूस दारात. म्हणलं घेऊन टाकू.

रिपोर्ट आला चौदा पानांचा, रंगीत, लग्नाच्या अल्बमसारखा. धुळीचे माइट लाल, झुरळ केशरी, काही गवतं पिवळी, गहू पिवळा आणि कोळंबी पिवळी. एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारी रक्तातली अँटिबॉडी, नीट ओळख पुढे) ६४०, त्यापुढे लाल बाण. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डाएटवाल्या ताईंचा फोन, गहू बंद, कोळंबी बंद, आणि अजून पाच हजारांत "फूड इन्टॉलरन्स" टेस्ट करून घ्या म्हणजे उरलेलंही कळेल. आता माझं सासर रत्नागिरीचं. कोळंबी बंद म्हणजे काय ते कोकणातल्या माणसालाच कळेल. आजवर मी कोळंबीचं कालवण ओरपत आलेय, कधी ओठसुद्धा खाजला नाही, पण कागदावर छापून आलं की माणूस घाबरतो ना. तीन आठवडे भाकरी आणि बिनकोळंबीचं जेवण. शिंका तेवढ्याच. एकही कमी नाही, मोजल्यात मी.

मग ऑफिसातल्या एकीने या क्लिनिकचं सांगितलं. फोन केला, बारा दिवसांनंतरची वेळ मिळाली, ठीक आहे, चांगल्या डॉक्टरकडे गर्दी असणारच. हाफ डे टाकला, टिळक रोडला पार्किंग शोधण्यात पंचवीस मिनिटं घालवली, शेवटी गाडी स. प. कॉलेजच्या मागच्या गल्लीत लावून चालत आले, आणि आत गेल्यावर असिस्टंट ताई विचारतात, "सिट्रिझिन कधी घेतली शेवटची?" म्हणलं काल रात्री. "मग टेस्ट नाही होणार, सात दिवस बंद ठेवून या." अहो पण हे फोनवर सांगायचं ना! अपॉइंटमेंट देताना नाव विचारलं, वय विचारलं, कोणी पाठवलं तेही विचारलं, गोळी कुठली चालू आहे हे एवढं एक नाही विचारलं. हाच तो पाचवा स्टार. माझ्यासमोरच अजून एक काका याच कारणाने परत गेले, ते तर थेट बारामतीहून आलेले.

आठवड्याने परत गेले (तो बिनगोळीचा आठवडा कसा काढला ते मलाच माहित). यावेळी सगळं झकास. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर एकेका अर्काचा थेंब, आणि वरून बारीक टोकाने हलकंसं टोचायचं, रक्त येत नाही, दुखतही नाही. दोन थेंब वेगळे असतात, एक नुसतं सलाइन आणि एक हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत खाज-सूज-शिंका आणणारं आपल्याच अंगातलं रसायन. सलाइनला काही उठता कामा नये आणि हिस्टामिनला गांधी उठलीच पाहिजे, नाही उठली तर समजायचं अंगात गोळीचा असर अजून आहे, टेस्ट फुकट. म्हणून ते सात दिवस. सिट्रिझिन हिस्टामिनला त्याच्या जागेवर बसूच देत नाही, त्यामुळे आत ॲलर्जी असली तरी कातडीवर काही दिसत नाही. रक्तातलं आयजीई मात्र गोळीने हलत नाही, म्हणून रक्ताची टेस्ट गोळी चालू असतानाही चालते. एवढं एक वाक्य त्यांनी रिसेप्शनच्या भिंतीवर लावलं असतं तर ते काका वाचले असते.

थेंब टाकल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसून राहायचं, आणि माझ्या मते या क्लिनिकचे पैसे इथे वसूल होतात, कारण डॉक्टर मॅडम त्या वेळात बाहेर जात नाहीत, समोर बसून समजावतात. मी माझा रंगीत अल्बम पुढे ठेवला आणि विचारलं, हे आयजीई आयजीई काय आहे, आणि ते माझ्याच अंगात का बनतंय? मॅडमनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि चित्रं काढायला लागल्या.

माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर माझं. धुळीतले माइट म्हणजे डोळ्याला न दिसणारे आठ पायांचे जीव, आपल्या कातडीचा कोंडा खातात, गादी-उशीत राहतात. त्यांच्या विष्ठेत डर पी १ नावाचं एक एन्झाइम असतं, ते कात्रीसारखं नाकाच्या अस्तरातल्या पेशींमधले टाके उसवतं. टाके उसवले की त्या पेशी आरडाओरडा करतात, म्हणजे टीएसएलपी, आयएल-३३, आयएल-२५ असली रसायनं सोडतात. डेंड्रिटिक नावाच्या पेशी माइटचा तुकडा उचलून लिम्फच्या गाठीत नेतात आणि शरीराच्या संरक्षण-फौजेतल्या टी पेशींना दाखवतात, आणि त्या आरडाओरड्याच्या वातावरणात टी पेशी एका विशिष्ट वळणाला लागतात, आयएल-४ आणि आयएल-१३ ही निरोपाची रसायनं सोडायला लागतात. मूळ ही फौज जंतांसाठी होती म्हणे, म्हणूनच पोटात जंत असले तरी एकूण आयजीई वाढतं आणि नुसत्या ६४० वरून काही ठरत नाही. माझ्या नशिबात जंत नाहीत, गादी आहे.

आता खरी गंमत. अँटिबॉडी, म्हणजे परक्या वस्तूला ओळखून चिकटणारं प्रोटीन, बनवतात त्याच फौजेतल्या बी पेशी, आणि बी पेशी सुरुवातीला आयजीएम नावाची साधी अँटिबॉडी बनवते. आयजीईवर जायचं तर तिला दोन सह्या लागतात. मॅडम म्हणाल्या तुमच्या सोसायटीच्या चेकवर कशा चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांच्या लागतात, तसं. एक सही आयएल-४ ची (आयएल-१३ चीही चालते), ती बी पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरवर (निरोप पकडणाऱ्या खाचेवर) होते आणि आत स्टॅट६ नावाचा निरोप्या ती खबर केंद्रकात नेतो. दुसरी सही टी पेशी स्वतः येऊन चिकटते तेव्हाची, तिच्या अंगावरचं सीडी४० लिगँड बी पेशीच्या सीडी४० मध्ये अडकतं. दोन्ही झाल्या की एआयडी नावाच्या एन्झाइममुळे डीएनए कापला जातो, मधला तुकडा बाहेर जातो आणि पुढचा आयजीईचा भाग जोडला जातो. अँटिबॉडीला सुरी म्हणा, तर सुरीचं पातं तेच राहतं, माइटला बरोबर ओळखणारं, फक्त मूठ बदलते. मी विचारलं, मग परत आयजीएमवर आणता येईल? म्हणाल्या, कापून टाकलेला तुकडा परत कुठून आणायचा.

आणि सगळा घोळ त्या मुठीत आहे. ही मूठ हिस्टामिनने भरलेल्या मास्ट पेशीवरच्या रिसेप्टरमध्ये घट्ट बसते. नाकात, कातडीत, श्वासनलिकेत या मास्ट पेशी अंगावर आयजीईची पाती रोवून वाट बघत असतात, माइटचा कण येऊन शेजारशेजारच्या दोन पात्यांना एकदम भिडला की काही मिनिटांत हिस्टामिन बाहेर, आणि माझ्या सकाळच्या वीस शिंका. माझ्या हातावर तेव्हा नेमकं हेच चाललेलं, दोन खुणांवर गांध्या फुगताना मी बघत होते आणि खाजवायची सोय नाही!

मी अजून एक प्रश्न विचारला ज्यावर मॅडम खूश झाल्या. कुठेतरी वाचलेलं की आयजीई रक्तात दोनेक दिवसच टिकतं. मग वर्षानुवर्षं ॲलर्जी कशी राहते? मास्ट पेशीवर बसलेलं आयजीई कितीतरी आठवडे टिकतं हे एक, पण खरी आठवण दुसरीकडे असते. २०२४ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या आणि न्यूयॉर्कच्या माउंट सायनायच्या गटांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तात एका खास प्रकारच्या मेमरी बी पेशी असतात, ज्या आयजीईच्या नसून आयजीजीच्या (अँटिबॉडीचाच आणखी एक प्रकार) असतात, पण आयएल-४ ऐकायला कान टवकारून बसलेल्या, ती वस्तू परत आली की आयजीई बनवायला तयार. म्हणजे दुकान बंद दिसतं पण मालक वरच्या मजल्यावरच राहतो.

बोलता बोलता एक जुना किस्साही सांगितला, १९२१ साली क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला माशांचं वावडं होतं, त्याच्या रक्तातला द्रव त्याचा सहकारी प्राउसनिट्झ याने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि मग तिथेच माशाचा अर्क टोचला, तर वावडं नसलेल्या प्राउसनिट्झच्या पोटावर गांधी उठली. म्हणजे रक्तात "काहीतरी" आहे हे तेव्हाच कळलं, ते आयजीई आहे हे कळायला १९६६-६७ उजाडलं. मला हा किस्सा ऐकून आपल्याकडे पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी लावतात ते आठवलं. आम्ही लहानपणी किती आमसुलं अंगाला लावली असतील!

वीस मिनिटांनी मॅडमनी पट्टी लावून मोजलं. सलाइनपेक्षा निदान ३ मिलिमीटर मोठी असेल तरच पॉझिटिव्ह धरतात. माइट ९, झुरळ ५, एक गवत ४. गहू शून्य. कोळंबी शून्य! मग पॅकेजवाल्यांचं पिवळं काय? तर ट्रोपोमायोसिन. माइट, झुरळ आणि कोळंबी, तिघांच्याही स्नायूत हे एकाच घडणीचं प्रोटीन असतं, त्यामुळे माइट-झुरळाविरुद्धचं आयजीई टेस्टमध्ये कोळंबीलाही चिकटू शकतं. गव्हाचं तसंच, गवताच्या परागकणांशी नातं, गहू शेवटी गवतच. रक्तात आयजीई सापडलं म्हणजे ॲलर्जी झाली असं नाही, खाल्ल्यावर त्रास होतो का हे आधी विचारायचं असतं, आणि मला तर कधीच झाला नव्हता. ज्यांना खाल्ल्यावर खरंच ओठ सुजतात, धाप लागते त्यांनी अर्थातच घरी प्रयोग करू नयेत. पण मला तीन आठवडे उगाच भाकरी खायला लावलं हो. चौदा पानांत एकाही ठिकाणी "तुम्हाला खाल्ल्यावर काय होतं" हा प्रश्न नाही.

माझ्या काकांचंही विचारून घेतलं. सासवडला शेती आहे, काँग्रेस गवत उपटलं की हात-मान काळपट होऊन खाजतात. (हे गवत भारतात पहिल्यांदा पुण्यातच, १९५५ च्या सुमारास लक्षात आलं, हाही आपलाच मान.) मॅडम म्हणाल्या तसली कातडीची ॲलर्जी बहुतेक वेळा आयजीईची नसतेच, टी पेशी स्वतःच थेट हल्ला करतात, त्याला पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवस ठेवायची वेगळी टेस्ट. पॅकेज घेतलं असतं तर काकांचेही सहा हजार गेले असते आणि रिपोर्ट आला असता कोरा.

उपचार. गादी-उशांना बंद कव्हर, चादरी-अभ्रे आठवड्याला साठ अंशाच्या पाण्यात (आमचं मशीन तेवढं तापवतं, सासूबाई लाइट बिलावरून बोलल्या), नाकात स्प्रे, आणि जिभेखाली माइटचे थेंब रोज, तीन ते पाच वर्षं. हो, वर्षं. यात शरीराला रोज थोडं थोडं माइट दाखवत आयएल-१० सोडणाऱ्या शांत स्वभावाच्या टी पेशी वाढवायच्या, आणि आयजीजी४ नावाची दुसरी अँटिबॉडी बनवून घ्यायची जी माइटला मास्ट पेशीपर्यंत पोचायच्या आत अडवते. सुरुवातीला आयजीई उलट थोडं वाढतं, घाबरू नका, असंही आधीच सांगितलं. आणि मजा बघा, त्या पाच हजारांच्या "इन्टॉलरन्स" टेस्टा बहुतेक हेच आयजीजी किंवा आयजीजी४ मोजतात, जे आपण एखादा पदार्थ नेहमी खातो म्हणूनही वाढलेलं असतं. माझं कोळंबीचं तर कळसाला गेलेलं असेल!

इंजेक्शनंही आहेत म्हणे, ओमॅलिझुमॅब मोकळं आयजीई पकडतं, ड्युपिलुमॅब आयएल-४ आणि आयएल-१३ दोघांची सामाईक जागा अडवतं, म्हणजे ती पहिली सहीच होऊ देत नाही. पण ती तीव्र दमा, एक्झिमा असल्यांसाठी, महाग आहेत, तुम्हाला गरज नाही असं स्पष्ट सांगितलं. विकायचा प्रयत्न नाही, हे मला फार आवडलं.

खर्च: तपासणी १,२०० आणि टेस्ट ४,८००, म्हणजे पॅकेजइतकेच. थेंबांचा खर्च वेगळा, दर तीन महिन्यांनी साधारण साडेचार हजार, ते आधी लिहून देत नाहीत, विचारावं लागतं. गादीचं कव्हर त्यांच्याच काउंटरवर ठेवलंय, घेऊ नका, लक्ष्मी रोडला त्याच मापाचं बरंच स्वस्त मिळालं. यूपीआय चालतं, कार्ड नाही.

आता पाचवा महिना चालू आहे, सकाळच्या शिंका चार-पाचवर आल्यात, थेंबांमुळे की कव्हरमुळे की पाऊस संपल्यामुळे ते मॅडमही एवढ्यात सांगत नाहीत. जाणार असाल तर गोळ्यांबद्दल फोनवर स्वतःहून विचारा, गाडी घेऊन जाऊ नका, आणि हो, क्लिनिक तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. ॲलर्जी-दम्याचं क्लिनिक, तिसरा मजला, लिफ्ट नाही! सावकाश चढा.