‘विष बाहेर पडतंय’ म्हणून जखम वाढवणारा तज्ज्ञ

ताईच्या नडगीवर पुळी आली, फुटली आणि तिथे जखम झाली. महिने लोटले तरी भरेना. साखर नॉर्मल, पायाचा रक्तपुरवठाही नीट. तेव्हा कुणीतरी ‘न भरणाऱ्या जखमांचा तज्ज्ञ’ सुचवला. पहिल्याच भेटीत त्याने ‘हमखास बरी करतो’ म्हणून पूर्ण कोर्सचे पैसे आगाऊ घेतले. पावती मागितली तर म्हणाला, शेवटी एकदम देतो.

दर वेळी तो जखम खरवडायचा आणि लेबल नसलेल्या डबीतला लेप थापायचा. ताई कळवळायची. जखम पसरत गेली, कडा जांभळट आणि खालून पोखरलेल्या दिसू लागल्या. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, ‘विष बाहेर पडतंय.’ बायोप्सीचं, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासण्याचं, विचारलं तर म्हणे, सुई लागली की कॅन्सर होतो! हे धादांत खोटं आहे. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत कधी कधी खरोखरच कॅन्सर होतो, त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात, आणि तो ओळखायला तुकडा काढून तपासावाच लागतो. ज्या तपासणीने जीव वाचू शकतो तिचीच धास्ती घालणाऱ्या माणसाचा मला अजून संताप येतो.

पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी जखमेच्या कडेचा तुकडा तपासला. जंतू, क्षयाच्या गटातले जंतू, बुरशी यांसाठी कल्चर केलं, म्हणजे नमुन्यातून काही वाढतंय का ते पाहिलं. एकेक कारण बाद होत निदान झालं: पायोडर्मा गँग्रिनोसम. हा संसर्ग नाही, यात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेवर उलटते. 1930 साली हे नाव मिळालेला हा आजार अनेकदा आतड्याची सूज, संधिवात किंवा रक्ताच्या विकारासोबत येतो. म्हणून डॉक्टरांनी पोटाबद्दल विचारलं, तेव्हा ताईने शौचातून रक्त जात असल्याचं सांगितलं. त्या तज्ज्ञाने पायापलीकडे काही विचारलंच नव्हतं.

सगळ्यात भयंकर म्हणजे, ही जखम खरवडली की चिघळत जाते. म्हणजे आम्ही पैसे मोजत होतो ते आजार वाढवण्यासाठी.

आता देखरेखीखाली स्टिरॉइड आणि सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्तीला आवरणारी औषधं चालू आहेत, जखमेवर न चिकटणारी साधी पट्टी असते. जखम हळूहळू आकसतेय. त्या लेपात काय होतं, हे डॉक्टरांनाही आम्ही सांगू शकलो नाही. तुमच्याकडे असं कुणी असेल तर आधी जखमेचं कारण, औषधाचं नाव आणि त्या माणसाचा डॉक्टर म्हणून नोंदणी क्रमांक कागदावर लिहून मागा. शेजारी मोजपट्टी ठेवून जखमेचे तारखेसह फोटो काढत राहा. आमच्या तक्रारीला आज तेच फोटो जोडलेले आहेत.