केमोच्या गोळ्या: डबीत की स्ट्रिपमध्ये?

काकूंना कॅपेसिटाबिन, म्हणजे कॅन्सरवरची केमोची गोळी, सुरू झाली: १४ दिवस गोळ्या, ७ दिवस सुट्टी. गोळ्या आठवड्याच्या डबीत भरू की स्ट्रिपमध्येच ठेवू, असं चुलतबहिणीने विचारलं.

विसरभोळेपणावर डबी सरस. रात्रीचा कप्पा भरलेला दिसला की कळतंच, डोस राहिला. राहिलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करून मात्र कधीच घ्यायचा नाही.

पण ओळख पटायला स्ट्रिपच हवी. ५०० आणि १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या सुट्या झाल्या की गोंधळ होतो. स्ट्रिपवर नाव, ताकद, मुदत छापलेली असते. शिवाय डबी भरणाऱ्याचा हात औषधाला लागतो, म्हणून हातमोजे हवेत. बीपीच्या गोळ्या त्याच डबीत नकोत. गोळी तुटली-फुटली तर घेऊ नका, फार्मासिस्टला विचारा.

स्ट्रिपसोबत भिंतीवरचं कॅलेंडर लागतं. जेवणानंतर अर्ध्या तासात गोळी, लगेच खूण. त्याच चौकोनात दुष्परिणामही लिहा: जुलाब किती वेळा, हातापायाचे तळवे लाल झाले का. डॉक्टरांना तेच हवं असतं. जुलाब वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.

काकू स्वतः वाचतात, नातू रांगतोय. त्यांना स्ट्रिप, कॅलेंडर आणि कुलपाचं कपाट. एकटं राहणाऱ्या, विसरणाऱ्या माणसाला फार्मासिस्टला विचारून वेगळी डबी.