पॅसिफिक आणि अटलांटिक: एक आक्रसतोय, एक रुंदावतोय

नकाशावर दोन्हीकडे निळाच रंग, पण तळाशी उलटे व्यवहार चाललेले आहेत. अटलांटिकच्या मधोमध उत्तर-दक्षिण सुमारे 16,000 किलोमीटर लांबीची पर्वतरांग आहे. तिच्या फटीतून शिलारस वर येतो, थिजतो आणि नवा तळ तयार होतो. त्यामुळे अमेरिका आणि युरोप-आफ्रिका दरवर्षी काही सेंटिमीटरने दूर सरकतात. ही रांग आइसलँडमध्ये चक्क पाण्याबाहेर येते. तिथल्या थिंगवेल्लिरला दोन भूपट्टांमधल्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या दोन सरकत्या तुकड्यांमधल्या, खचदरीत चालता येतं. भूगोल शिकणाऱ्याने एकदा तरी पाहावं असं ठिकाण!

पॅसिफिकमध्येही नवा तळ बनतो, पण कडेकडेने जुना तळ त्याहून झपाट्याने खाली जातो. म्हणून तिथे खोल गर्ता, भूकंप आणि ज्वालामुखींचं कडं. मारियाना गर्ता जवळपास 11 किलोमीटर खोल आहे. अटलांटिकची सर्वांत खोल प्वेर्तो रिको गर्ता साडेआठच्या आसपास थांबते. आकारात तर तुलनाच नको, पॅसिफिक जवळजवळ दुप्पट आहे.

नद्यांच्या बाबतीत मात्र अटलांटिक कितीतरी श्रीमंत. ॲमेझॉन, काँगो, नायजर, मिसिसिपी सगळ्या तिकडेच जातात. त्यातही ॲमेझॉनचं नवल वाटतं. पेरूच्या अँडीजमध्ये तिचा उगम पॅसिफिकपासून दोनशे किलोमीटरच्याही आत आहे, पण पश्चिमेला डोंगराची भिंत आडवी येते आणि ती सहा हजारांहून जास्त किलोमीटर वाहत अटलांटिक गाठते. इतकं गोडं पाणी मिळूनही दोघांत जास्त खारट अटलांटिकच.