आखातात शटडाऊनच्या कामाला येताय? फ्री टू एअर एचडी रिसीव्हर घेताना हे बघा

ओमानमधल्या सोहारला किंवा आजूबाजूला शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीच्या, दोन-चार महिन्यांच्या कामावर येणाऱ्यांसाठी लिहितोय. कॅम्पचं वायफाय संध्याकाळी सगळे एकदम ड्युटीवरून आले की झोपतं, मोबाईल डेटा महाग पडतो, आणि छपरावर आधीच्या कुणीतरी लावलेली डिश नुसती उभी असते. तिला एक फ्री टू एअर, म्हणजे फुकटचे चॅनल पकडणारा, बॉक्स जोडला की काम झालं, महिन्याला भरायचं काही नाही.

आधीच सांगून ठेवतो, मराठी काही दिसणार नाही. झी मराठी बघायचं तर इथेही पैसेच मोजावे लागतात. फुकटात हिंदी म्हणजे एमबीसी बॉलिवूड आणि झी अफलाम, सिनेमे बऱ्याचदा हिंदीतच आणि खाली अरबी अक्षरं, पण मालिका अरबीत डब केलेल्या. सासू सुनेला अरबीत झापतेय हे बघायला सुरुवातीला जाम मजा येते, नंतर आपोआप एमबीसी 2 वर इंग्रजी पिक्चर लावायची सवय लागते. बातम्यांना अल जझीरा इंग्लिश आणि फ्रान्स 24 आहेत.

आता दुकान. सूकमधल्या (बाजारातल्या) मल्याळी दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "भैया, सर्व्हर वाला चाहिए?" सर्व्हरवाला म्हणजे नेटवरून पैशाचे चॅनल चोरून उघडून देणारा, वर्षभराचं सबस्क्रिप्शन आत घालून विकतात आणि बॉक्सची किंमत त्या जोरावर चढवतात. एक तर ते बेकायदेशीर, दुसरं म्हणजे त्याला नेट लागतं, आणि नेट असतं तर आपण बॉक्स घ्यायला आलोच कशाला! अँड्रॉइडवाला दाखवतील, 4के लिहिलेला दाखवतील, सगळ्यांना नाही म्हणा. मी साधा, तळहाताएवढा, आठ रियालचा घेतला. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही कारण आतला बोर्ड तोच आणि वरचं स्टिकर वेगळं असा हा सगळा धंदा आहे. आत जीएक्स6605एस चिप आहे, आपल्याकडे फ्री डिशवाले ज्यांना खाज आहे त्यांना हे नाव पाठ असेल. डीव्हीबी-एस2 (सॅटेलाइट प्रसारणाची पद्धत) आणि एमपेग-4 (व्हिडिओ दाबून पाठवायची पद्धत) दोन्ही चालतं, एच.265 ही त्याहून नवी व्हिडिओ पद्धत चालत नाही, पण वर सांगितलेल्या चॅनलना मला ते लागलं नाही.

खरी बघायची गोष्ट म्हणजे ब्लाइंड स्कॅन. बॉक्समध्ये भरून आलेली चॅनलची यादी जुनी असते, इथे फ्रिक्वेन्सी बदलत राहतात, आणि छपरावरची डिश कुठल्या सॅटेलाइटकडे बघतेय हे कॅम्पमध्ये कुणालाच माहीत नसतं. ब्लाइंड स्कॅन असेल तर बॉक्स स्वतःच सगळी पट्टी चाळतो आणि जे सापडेल ते दाखवतो, त्या चॅनलवरूनच कळतं की आपण कुठे आहोत. दुकानातच लावून दाखव म्हणा, काही बॉक्सवर नुसतं लिहिलेलं असतं आणि मेनूत सापडत नाही.

दुसरं, सिग्नलचे दोन बार. स्ट्रेंग्थचा बार नुसती केबल आणि एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) जोडली तरी वर चढतो, त्याला भुलू नका, क्वालिटीचा बार हलला पाहिजे. माझ्या बॉक्सचा क्वालिटी बार डिश जरा सरकवली की लगेच बदलतो, शेजारच्या खोलीतल्या महागड्या बॉक्सचा बार विचार करून करून बदलतो, तोपर्यंत छपरावरचा माणूस डिश पुढे ढकलून मोकळा. फोन कानाला लावून "थांब थांब, मागे घे" करायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

डिश हलवायची वेळ आलीच तर, सोहारहून बद्र हा सॅटेलाइट (26 अंश पूर्व) आकाशात क्षितिजापासून साधारण 45 अंश वर आहे, सहज मिळतो. नाइलसॅट (7 अंश पश्चिम) मात्र पश्चिमेला जेमतेम 15 अंशावर, समोर बिल्डिंग किंवा पाण्याची टाकी असली की संपलं, त्यामुळे आधी बद्रच शोधा, एमबीसी त्यावर आहेच. दोन्ही हवे असतील तर दोन एलएनबी आणि मध्ये डायसेक स्विच, म्हणजे बॉक्स हवी ती एलएनबी निवडू शकतो. आमच्या ब्लॉकमधले पाकिस्तानी मित्र पाकसॅटसाठी (38 अंश पूर्व) भलीमोठी सी बँडची (वेगळ्या, कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्टीची) डिश लावून बसलेत, मॅच असली की सगळा मजला त्यांच्याकडे.

नावं ठेवायची तर रिमोट भिकार आहे, बटणं दोनदा दाबावी लागतात. पुढचा हिरवा लाइट रात्री खोलीभर उजेड पाडतो, त्यावर काळी टेप लावली. लाइट गेली की घड्याळ जीएमटीवर जातं, परत प्लस 4 करावं लागतं. चार-पाच तास चालला की चांगलाच तापतो, टीव्हीच्या मागे कोंबू नका.

अडॅप्टर वेगळा, 12 व्होल्टचा, असलाच बॉक्स घ्या. आत सप्लाय असलेला उडाला की फेकायचा, हा उडाला तर अडॅप्टर कुठेही मिळतो. इथला प्लग चौकोनी तीन पिनांचा आहे, गावी गेल्यावर आपला दोन पिनांचा अडॅप्टर लावला की झालं.

आणि हो, गावी हा फुकट जात नाही. डीडी फ्री डिश जीसॅट-15 वर 93.5 अंश पूर्वेला आहे, एलएनबी युनिव्हर्सल निवडा म्हणजे 9750/10600, ब्लाइंड स्कॅन मारा, डीडी सह्याद्री आणि बरेचसे चॅनल येतात. फक्त टाइम झोन प्लस 5:30 करा. काही स्वस्त बॉक्समध्ये अर्धा तासच नसतो, सरळ प्लस 5 नाहीतर प्लस 6, तेव्हा पैसे द्यायच्या आधी तो मेनू पण उघडून बघा.