लो वॉल, रोलिंग ब्लॉक, छोटी शार्प्स की स्टीव्हन्स? आधी अंगठा बघा

माझा उजवा अंगठा जाड आहे. रायफलींच्या तुलनेत हे आधी सांगायचं कारण असं, की .२२ लाँग रायफलचं काडतूस जेमतेम एक इंच लांब आणि शाळेतल्या पेन्सिलीपेक्षा बारीक असतं. सिंगल-शॉट रायफलीला मॅगझीन नसतं. चाळीस गोळ्यांचा सामना म्हणजे चाळीस वेळा ते इवलंसं काडतूस बोटांत धरायचं, तेलकट मेणाने बुळबुळीत झालेलं, आणि नळीच्या तोंडाशी नीट बसवायचं. पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबर उजाडला की बोटं बधिर होतात, आणि मग कुठली रायफल 'सुंदर' आहे हा प्रश्न मागे पडतो. कुठल्या रायफलीत माझा अंगठा मावतो, हा पुढे येतो.

इथे ज्या चार रायफली घेतल्या आहेत, त्या सगळ्या एकोणिसाव्या शतकातल्या किंवा विसाव्याच्या उंबरठ्यावरच्या अमेरिकन रचना आहेत, आणि आज नव्याने बनवल्या जातात. बहुतेक इटलीत, गार्दोने वाल त्रोंपिया या बंदूककारांच्या गावाच्या परिसरात, काही जपानच्या मिरोकू कारखान्यात, एक अमेरिकेतच. त्यांतल्या दोन माझ्या घरात आहेत, उरलेल्या दोन क्लबातल्या मित्रांच्या मी भरपूर वापरल्या आहेत.

लहानच का घ्यायची? मोठी शार्प्स किंवा हाय वॉल घेऊन .४५-७० चं मोठं काडतूस झाडणं ही मजा आहे, पण खांदा आणि खिसा दोन्ही दुखतात. काळ्या दारूच्या काडतुसांच्या सिल्हूट सामन्यांत पोलादी कोंबडी २०० मीटरवर असते, डुक्कर ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढा ५०० मीटरवर. एवढ्या लांबीची रेंज जवळपास कुठे असते? स्मॉलबोअर, म्हणजे .२२ च्या, सिल्हूटमध्ये तीच चार जनावरं पाचव्या हिश्श्याच्या आकाराची करून ४०, ६०, ७७ आणि १०० मीटरवर मांडतात. तीच जुन्या पद्धतीची साइट, तोच उघडा घोडा (काडतूस पेटवायला आपटणारा हॅमर), तोच श्वास रोखण्याचा खेळ, आणि तोही साध्या क्लबच्या छोट्या रेंजवर.

म्हणून कॅलिबरचा निकाल पटकन लावतो: .२२ लाँग रायफल घ्या. पॅरिसमध्ये २०२४ साली स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं ते याच काडतुसावर. रायफल अर्थात अगदी वेगळ्या कुळातली. .२२ हॉर्नेट छान आहे, पण काडतुसं स्वतः भरायची तयारी असेल तरच. आणि .२२ मध्येही 'हाय व्हेलॉसिटी' डब्यांना भुलू नका. ती गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने निघते आणि शंभर यार्डांच्या आतच त्या वेगाखाली येते. तो उंबरठा ओलांडताना डगमगते. सुमारे १०७० फूट प्रतिसेकंदाची स्टँडर्ड गोळी पहिल्यापासून आवाजाच्या खालीच असते, म्हणून कागदावरची भोकं जवळजवळ पडतात.

आता लो वॉल. जॉन ब्राउनिंगने यूटातल्या ऑग्डेनमध्ये ही रचना केली, १८७९ मध्ये पेटंट घेतलं, विंचेस्टरने ते विकत घेतलं आणि १८८५ मध्ये आपल्या नावाने बाजारात आणलं. लिव्हर खाली ओढला की नळीमागचा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो आणि त्याच्याबरोबर घोडाही खाली जातो. मोठ्या काडतुसांसाठीच्या रायफलीत या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती उंच असतात, ती हाय वॉल. लहान काडतुसांसाठी भिंती खाली कापल्या, ती लो वॉल. कापल्या त्या दाब कमी असल्यामुळे, पण फायदा झाला माझ्या अंगठ्याचा. बाजूने, वरून, कसंही काडतूस ठेवा. ठोकळ्याच्या माथ्यावर खोबण असते, त्यातून ते घरंगळत आत जातं. हातमोजा घालूनही भरता येईल अशी या चौघींतली ही एकटीच.

ठोकळा खाली गेला की मागून नळी आरपार दिसते. टँग साइट (घोड्यामागच्या पट्टीवर उभी राहणारी मागची साइट) आडवी पाडायची आणि साफ करायचा गज सरळ मागून घालायचा. ज्यांनी पुढून, नळीच्या तोंडातून गज घालून रायफली साफ केल्या आहेत त्यांना याचं मोल कळेल: तोंडाची कड घासली गेली की नेम गेलाच.

खोट एकच, आणि ती चारातल्या तिघींत आहे. लिव्हरला खाली जागा लागते. बेंचवर वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून झाडत असाल तर दर वेळी मागची पिशवी सरकवायची किंवा रायफल उचलायची. उभं राहून झाडणाऱ्याला याने काहीच फरक पडत नाही.

लो वॉल दोन घरांतून येते. उबर्टीची इटालियन, जी सिमारॉनच्या नावानेही विकली जाते, ती दिसायला जुन्याच्या जवळ: रंगीत केस-हार्डन (पृष्ठभाग कडक) केलेली पेटी, म्हणजे यंत्रणेचा सांगाडा, अष्टकोनी नळी. मिरोकूने बनवलेली, विंचेस्टरचं नाव असलेली, आतून आधुनिक केलेली आहे. तिचं लाकूड आणि धातू यांचा सांधा इतका घट्ट असतो की नख जात नाही. माझं मत विचाराल तर कारागिरीत मिरोकू पुढे, चेहऱ्यात उबर्टी. पण मिरोकूच्या लो वॉल सतत बनत नाहीत, अधूनमधून येतात आणि संपतात. मिळाली तर हातची जाऊ देऊ नका.

रोलिंग ब्लॉकचं गणित निराळं. रेमिंग्टनची ही रचना जगभरच्या सैन्यांनी वापरली, आणि लहान मुलांच्या हातात देण्याजोगी तिची धाकटी आवृत्ती, नंबर ४, रेमिंग्टनने १८९० पासून कित्येक वर्षं विकली. लिव्हर नाहीच. आधी अंगठ्याने घोडा मागे, मग अंगठ्यानेच ठोकळा मागे लोळवायचा, काडतूस घालायचं, ठोकळा पुढे. चाप सुटल्यावर घोड्याचाच भाग ठोकळ्याखाली शिरून त्याला आधार देतो. इतकी साधी यंत्रणा की बिघडायला फारसं काही नाही. बेंचवर आणि आडवं पडून झाडताना ही सगळ्यांत सोयीची, कारण खाली काही हलतच नाही.

उबर्टीची 'बेबी' कार्बाइन हा तिचा आजचा अवतार: २२ इंची नळी, वजन अडीच किलोच्याही आत. हातात घेतली की माणूस प्रेमात पडतो. पण टार्गेटसाठी हीच तिची अडचण आहे. उभं राहून नेम धरताना वजन म्हणजे स्थैर्य. हलकी नळी श्वासाबरोबर, नाडीच्या ठोक्याबरोबर डोलते. त्यात रोलिंग ब्लॉकचा घोडा जड आणि त्याचा फेरा लांब, म्हणजे चाप सुटल्यापासून पिन काडतुसावर आपटेपर्यंत तुमची माशी (पुढच्या साइटचं टोक) ठिपक्यावरून सरकायला पुरेसा वेळ. दुसरी गोष्ट, ठोकळा काडतुसाला आत रेटून बसवत नाही. पन्नासेक गोळ्यांनी मेण आणि काजळी साचली की शेवटचा मिलिमीटर अंगठ्याने दाबावा लागतो. माझ्या अंगठ्यावर त्याचा लहानसा गोल वळ असतो, बायको त्याला 'क्लबचा शिक्का' म्हणते.

मुलाला किंवा मुलीला पहिली रायफल द्यायची असेल, तर मात्र मी डोळे मिटून बेबी देईन. घोडा मागे आहे का पुढे, ठोकळा उघडा आहे का बंद, हे चार फुटांवरून दिसतं. शिकवणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

छोट्या शार्प्सबद्दल मला थोडं कठोर व्हायचं आहे, कारण सगळ्यांत जास्त लोक तिच्याकडेच ओढले जातात. पेडरसोलीची 'लिटल बेट्सी' आणि कियाप्पाची 'लिटल शार्प्स' या दोन्ही १८७४ च्या मोठ्या शार्प्सला आटवून केलेल्या आहेत. गंमत अशी की मूळ कंपनीने .२२ ची अशी धाकटी शार्प्स कधी विकलीच नव्हती. म्हणजे ही नक्कल आहे, पण अस्सल कुठेच नाही! घोटीव, देखणी, फोटोत सगळ्यांत भाव खाणारी.

पण शार्प्सची पेटी मोठ्या काडतुसासाठी कल्पिलेली. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना भिंती उंच, तोंड खोल. अर्ध्या इंचाच्या काडतुसाला तिथे सहज ठेवता येतं; .२२ च्या काडतुसाला खोबणीतून बोटाच्या टोकाने ढकलत न्यावं लागतं. घोडा उजव्या बाजूला, बाहेर टांगलेला. त्याचा ठोका बाजूने येऊन ठोकळ्यातून वाकडी वाट काढत पिनपर्यंत पोचतो. आणि लिव्हर उघडण्याआधी घोडा अर्ध्यावर आणायची सवय लावून घ्यावी लागते, नाहीतर पिन ओढली जाते. हे सगळं सवयीने जमतं, क्लबात एक जण तिच्यावरच आमच्या सगळ्यांना हरवतो. तरी ज्यांच्याकडे मोठी शार्प्स आधीच आहे आणि हिवाळ्यात तिचाच सराव स्वस्तात करायचा आहे, त्यांच्यासाठीच ती खरी अर्थपूर्ण खरेदी आहे. घोडा, सेट ट्रिगर (आधी हलका करून घ्यायचा चाप), दस्त्याची ठेवण सगळं हाताला ओळखीचं राहतं.

चौथी स्टीव्हन्स ४४½. मॅसॅच्युसेट्सच्या चिकोपी फॉल्सची स्टीव्हन्स कंपनी म्हणजे .२२ लाँग रायफल काडतुसाचं माहेर, १८८७ चं. ४४½ त्यांनी १९०३ मध्ये आणली आणि ती जेमतेम पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. पेनसिल्व्हेनियातल्या सीपीए कंपनीने ती पुन्हा जिवंत केली आहे. ठोकळा वर येताना शेवटी किंचित पुढे झुकतो आणि काडतुसाला आत रेटून बसवतो. रोलिंग ब्लॉकवर जिथे माझा अंगठा दुखतो, तिथे इथे लिव्हर काम करतो. नळी बदलता येते: आज .२२, उद्या .३२-४०. दस्ता, पकड, सेट ट्रिगर तुमच्या मापाने. किंमत इटालियन रायफलीच्या सहज दुपटीपुढे जाते आणि वाट पाहावी लागते.

ही रायफल त्यांच्यासाठी, ज्यांना श्युत्झेन नेमबाजीचं वेड लागलं आहे. जर्मन स्थलांतरितांनी इथे आणलेला हा खेळ: उभं राहून, २०० यार्ड, २५ वर्तुळांचं टार्गेट, दहा गोळ्या, पूर्ण गुण २५०. पहिल्या महायुद्धात जर्मनांविषयीच्या रोषात त्यांचे क्लब ओसरले, आणि १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशनने ती परंपरा पुढे धरून ठेवली. एवढं वेड लागलं नसेल तर त्या पैशांत लो वॉल, चांगली साइट आणि दोन वर्षं पुरतील इतकी काडतुसं येतात.

साइट हा शब्द आला म्हणून थांबतो, कारण लोक रायफलीवर आठ महिने विचार करतात आणि साइटवर आठ मिनिटं. सोबत येणारी मागची बकहॉर्न (वळलेल्या शिंगांसारखी) साइट टार्गेटसाठी जवळपास निरुपयोगी समजा. मागे टँगवर उभी राहणारी, बारीक छिद्राची, स्क्रूने वर-खाली सरकणारी साइट हवी. पुढे ग्लोब साइट, जिच्यात वेगवेगळ्या कड्या बसवता येतात. खरेदीआधी टँगवर स्क्रूंची भोकं आहेत का आणि किती अंतरावर, हे बघा.

माझी फजिती इथेच झाली. पहिल्या रायफलीवर उत्साहाने उंच टँग साइट बसवली. पन्नास यार्डांवर मागची साइट तळाला टेकवली तरी गोळ्या टार्गेटच्या चार इंच वर. कारण साधं: पुढची साइट बुटकी होती. मागची साइट जितकी खाली हवी तितकी जाऊ शकत नव्हती, मग पुढची उंच करावी लागते. स्टँडर्ड गोळी पन्नासपासून शंभर यार्डांपर्यंत सहा-सात इंच खाली येते, म्हणजे शंभरला सगळं ठीक दिसतं आणि पन्नासला हसू होतं. दुकानदाराने विकताना हे सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

चापाचं तेच. डबल सेट ट्रिगरमध्ये एक चाप दाबून दुसरा केसासारखा हलका करतात. उभं राहून झाडणाऱ्याला ते वरदान, थंडीने बधिर बोटांना ते संकट. दुकानात चाप तपासायचा झाला तर स्नॅप कॅप (दारू नसलेलं सरावाचं काडतूस) मागून घ्या: .२२ ची पिन काडतुसाच्या काठावर आपटते, आणि काडतूस नसताना ती नळीच्या काठावर आपटून खाच पाडू शकते.

सामन्यांसाठी घेत असाल तर आधी सामन्याचे नियम वाचा. काळ्या दारूच्या सिल्हूटच्या धर्तीवर चालणाऱ्या सामन्यांना १८९६ पूर्वीच्या, उघड्या घोड्याच्या अमेरिकन रचना किंवा त्यांच्या नकला हव्या असतात. म्हणून ब्रिटिश मार्टिनी कॅडेट, जी जुन्या बाजारात मिळते आणि नेमाला उत्तम आहे, तिथे बाहेर राहते. स्टीव्हन्स ४४½ १९०३ ची. आयोजकांना विचारूनच पैसे भरा.

आणि अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात फॉर्म भरून, पार्श्वभूमी तपासून रायफल घेता येते. एच-वन-बीवर असाल तर संघीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं अशा मोजक्या सवलती आहेत, आणि राज्याराज्याचे नियम त्यावर आणखी. क्लबातल्या मित्राने 'चालतं रे' म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नका, वकिलाला विचारा. त्या एका चुकीने व्हिसा आणि भविष्य दोन्ही जातं.

एवढं झाल्यावरही कुणी मला घाईने विचारलं, तर मी लो वॉल सांगतो. उबर्टीची .२२, लांब अष्टकोनी नळीची. त्याबरोबर उंच ग्लोब साइट त्याच दिवशी मागवा, आणि दुकानात जाताना जाड हातमोजा घेऊन जा. स्नॅप कॅप हातमोज्यानेच घालून बघा.