पुनःप्रवेशाची कॅप्सूल: पिनेवर डोलवायची की मोकळी सोडायची?

अंतराळातून वातावरणात परतताना, थ्रस्टरविना (छोट्या रॉकेट-इंजिनांविना) आपोआप उष्णताकवच पुढे करणारी कॅप्सूल तपासायचे दोन मार्ग आहेत. मॉडेल विंड टनेलमध्ये, गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या पिनेवर डोलू द्यायचं; नाहीतर बॅलिस्टिक रेंजमध्ये (उडतं मॉडेल टिपणाऱ्या चाचणी-मार्गात) तोफेतून, किंवा उंचावरच्या बलूनवरून, मोकळं सोडायचं.

पिनेवर 0 ते 180 अंशांपर्यंत प्रत्येक कोन पद्धतशीर तपासता येतो. अपोलो कॅप्सूलचा आकार उष्णताकवचाऐवजी निमुळतं टोक पुढे करूनही स्थिर राहू शकत असे. असा दुसरा, नको असलेला स्थिर कोन शोधायला पीनच बरी. मोकळ्या उड्डाणात तो निसटू शकतो.

अडचण बेअरिंगची आहे. बोथट आकाराचं डॅम्पिंग, म्हणजे डोलणं आपोआप शमवण्याची क्षमता, मुळातच जेमतेम असतं. माख 1 ते 3 (ध्वनिवेगाच्या 1 ते 3 पट) च्या आसपास, लहान कोनांवर, ते बऱ्याचदा उलटतं आणि डोलणं वाढत जातं. बेअरिंगचं घर्षण नेमकं तेच झाकतं, म्हणजे वाईट आकार चांगला दिसतो. वारा बंद असताना घर्षण मोजून वजा करतात; पण वारा सुरू झाला की ड्रॅगचा (हवेच्या रोधाचा) भार बेअरिंगवर येतो आणि घर्षणच बदलतं. एअर बेअरिंग घेतलं तरी आधाराचा दांडा मागच्या प्रवाहात घुसतो, आणि डोलणं वाढवणारा दाब तिथूनच येतो. शिवाय खरी कॅप्सूल डोलताना बाजूला सरकतेही. पिनेवर ते होत नाही.

मोकळ्या उड्डाणालाही किंमत आहे. तोफेतलं काही सेंटिमीटरचं मॉडेल हजारो जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट धक्का) सोसणारं हवं, आणि एका फेरीत डोलण्याची मोजकीच आवर्तनं मिळतात. म्हणून सुरुवातीचा कोन बदलत अनेक फेऱ्या कराव्या लागतात. बलूनवरून सोडलेलं हलकं मॉडेल ध्वनिवेगाच्या खालीच राहतं, म्हणजे खरा त्रासाचा टप्पा हुकतो. धूमकेतूची धूळ घेऊन परतलेल्या, 60 अंशी शंकूच्या स्टारडस्ट कॅप्सूलला (2006) तोच टप्पा टाळायला सुमारे माख 1.4 लाच ड्रोग पॅराशूट (स्थिर करणारं छोटं पॅराशूट) उघडावं लागलं.

प्रत्येकाची गरज वेगळी असेल, पण पैसे एकाच पद्धतीपुरते असतील तर माझा कल मोकळ्या उड्डाणाकडे आहे. मॉडेलचा फक्त आकार जुळून भागत नाही: नाकापासून (उष्णताकवचाच्या पुढच्या बिंदूपासून) गुरुत्वमध्याचं अंतर भागिले व्यास, आणि वस्तुमान गुणिले व्यासाचा वर्ग भागिले जडत्व-आघूर्ण (फिरण्याला होणारा विरोध), हे दोन्ही आकडे खऱ्या कॅप्सूलइतके ठेवा. त्यासाठी नाकात टंगस्टन आणि मागचं कवच शक्य तितकं हलकं. गुरुत्वमध्य अक्षापासून बाजूला गेला असेल तर कॅप्सूल तिरकी स्थिरावते, तेव्हा तेही आधी तपासा. डोलण्याचा कोन दर आवर्तनाला वाढत असेल तर आकार बदलण्याआधी वजन पुढे सरकवा. कारण शंकूचा कोन बदलला की तापाचं सगळं गणित नव्याने करावं लागतं.